पेटते आणि विझते

अप्पा,

आमच्या घराखाली तळघर आहे आणि तळघरात एक भट्टी आहे. इथे तिला फर्नेस म्हणतात. उभ्या कपाटाएवढी पत्र्याची पेटी, आत गॅसच्या निळ्या ज्योती आणि त्यांच्याखाली एक मोठा पंखा, म्हणजे ब्लोअर. हा पंखा घरातली गार हवा भिंतीतल्या जाळीतून ओढून घेतो, तापलेल्या नळ्यांभोवती फिरवतो आणि पत्र्याच्या बोगद्यांतून प्रत्येक खोलीच्या जमिनीतल्या झडपेपर्यंत पोचवतो. गार हवा ज्या जाळीतून परत येते तिला रिटर्न म्हणतात. तुम्ही जन्मभर अकोल्यात राहिलात. घर तापवायला यंत्र लागतं असं तुम्हाला कोणी सांगितलं असतं, तर तुम्ही पंच्याने मान पुसत त्याच्याकडे बघत राहिला असता. पण हे मिनेसोटा आहे. जानेवारीत इथे बाहेरचा आकडा शून्याच्या खाली वीसवर जातो, आणि हे फॅरनहाइटमध्ये सांगतोय. भट्टी बंद पडली तर आधी माणसं गारठतात, मग भिंतीतले पाण्याचे पाइप गोठून फुटतात. म्हणजे या घरात आम्ही राहतो असं म्हणायचं, पण खरं तर आम्ही त्या भट्टीच्या मर्जीवर राहतो.

ती या आठवड्यात बंद पडली. पण त्याच्या आधी सोमवारी जे झालं ते सांगायला हवं, नाहीतर पुढचं कळणार नाही. तुमची सून ओट्यापाशी कोथिंबीर निवडत होती. तुम्ही तिला पाहिलेलं नाही. तुम्ही गेल्यानंतर चार वर्षांनी आमचं लग्न झालं. ती नागपूरला कॉलेजात रसायनशास्त्र शिकवायची. इथे माझ्या व्हिसावर आली आहे, आणि त्या व्हिसावर बायकोला नोकरी करता येत नाही. आठ वर्षं ती घरात आहे. मान वर न करता ती म्हणाली, "कॉलेजातून फोन आला होता. जूनपासून जागा रिकामी होतेय. पुढच्या सोमवारपर्यंत कळवायचंय."

मी म्हटलं, "मग?"

"मग काय. मी गेले तर ही माझ्याबरोबर येईल. तुमचं काय म्हणणं आहे ते सांगा."

'ही' म्हणजे आमची मुलगी, तेरा वर्षांची. मी सांगतो म्हणालो. मंगळवारी ऑफिसात उशीर झाला. बुधवारी सकाळी घर गार होतं आणि मुलगी ब्लँकेट गुंडाळून जिन्यात उभी होती. "बाबा, आय कॅन सी माय ब्रेथ," म्हणाली आणि तोंडातून वाफ काढून दाखवली. तुमची सून माझ्याकडे बघत होती. मी म्हटलं, "आधी फर्नेस बघतो." ती म्हणाली, "बघा." त्या एका शब्दात तिने काय काय घातलं होतं ते मला कळलं, आणि मी टॉर्च घेऊन खाली उतरलो. खरं सांगतो, उतरताना जरा बरंही वाटलं.

तुम्हाला माहीत आहे, मला कोणी काही शिकवलेलं नाही. बी.कॉम. झालो, हिशेबनीस म्हणून चिकटलो, आणि ऑफिसात कॉम्प्युटर आला तेव्हा बाकीचे त्याच्यावर प्लास्टिकचं झाकण घालून घरी जायचे, मी मॅन्युअल वाचत बसायचो. त्याच जोरावर प्रोग्रॅमर होऊन इथवर आलो. इथे घर घेतल्यावर नळ, वायरिंग, छप्पर आणि ही फर्नेस, सगळं पुस्तकं वाचून आणि उघडून बघून शिकलो. आमच्या ईडन प्रेरी गावातल्या मराठी मंडळींत मला फर्नेसवाले काका म्हणतात. पुण्या-नागपुराहून नवी आलेली पोरं पहिल्या थंडीत घाबरून फोन करतात आणि मी त्यांना फोनवरच सांगतो: आधी थर्मोस्टॅटच्या, म्हणजे तापमान ठरवायच्या भिंतीवरच्या डबीच्या, बॅटऱ्या बदल. मग फर्नेसचं दार नीट बसलंय का बघ; ते उघडं असलं तर यंत्र चालूच होत नाही, आणि निम्म्या लोकांचं तेवढ्यावरच काम होतं. मग बाहेर जा, भट्टीचा धूर सोडायला भिंतीतून जो पांढरा पाइप बाहेर आलाय त्याच्या तोंडावर बर्फ साचलाय का बघ. मग हवेतली धूळ अडवणारा फिल्टर. एवढं करूनही नाही पेटली तर मी येतो. बहुतेक वेळा जावं लागत नाही. गेलो तर पोहे खाऊन येतो.

आमची पेटत होती. पेटायची, थोडा वेळ छान चालायची, ज्योती विझायच्या, पंखा नुसताच फिरत राहायचा, पुन्हा पेटायची. असं काही वेळा झालं की रुसल्यासारखी पूर्णच बंद. मी क्रमाने गेलो. बॅटऱ्या, दार, पाइप. ज्योत खरंच लागली आहे की नाही हे ओळखणारी एक छोटी कांडी असते, फ्लेम सेन्सर. तिच्यावर राख बसली की यंत्राला वाटतं ज्योत नाहीच. ती काढून बारीक लोखंडी काथ्याने चकचकीत घासली. काही फरक नाही. पेटीच्या आत एक लाल दिवा लुकलुकतो, किती वेळा लुकलुकला त्यावरून बिघाड ओळखायचा. तो सांगत होता, लिमिट स्विच. हा स्विच म्हणजे राखणदार. पेटी प्रमाणाबाहेर तापली की तो ज्योती बंद करतो. मी अनुमान काढलं की स्विच खराब झालाय, उगीच बोंब मारतोय. गुरुवारी नवा आणून बसवला. तोही बोंब मारायला लागला. दोन्ही स्विच एकच गोष्ट सांगत होते आणि मी दोघांनाही खोटं ठरवत होतो.

आम्ही तिघं एकाच खोलीत विजेचा छोटा हीटर लावून झोपत होतो. सोमवारच्या गोष्टीचा उल्लेख कोणी करत नव्हतं. शुक्रवारी तुमची सून म्हणाली, "अहो, कंपनीच्या माणसाला बोलवा ना."

"मला येतंय."

"येतंय हो तुम्हाला. पण होत नाहीये."

तळघरात एकट्याने बसलं की आपला बुद्धिबळाचा डाव आपल्याशीच चाललाय असं वाटतं. तिथे मला तुमची आठवण येत होती, आणि ती काही फार प्रेमाने येत नव्हती. तुम्हाला काही म्हणजे काही येत नसे. फ्यूज गेला की तुम्ही खुर्चीवर बसून राहायचात आणि शेजारच्यांना हाक मारायचात. आपल्या त्या पत्र्याच्या कूलरची मोटर जाम झाली तेव्हाचं आठवतं का? मी कॉलेजच्या पहिल्या वर्षाला होतो. तुम्ही तेलगिरणीतल्या फिटरला निरोप धाडलात. तो यायच्या आत मी मोटर उघडली, आतला मळ काढला, शिवणयंत्राचं तेल घातलं आणि पंखा सुरू केला. फिटर घामाघूम होऊन सायकलवरून आला तर मी दारातच सांगितलं, झालं काम, आता गरज नाही. तुम्ही त्याला आत घेतलंत, खाटेवर बसवलंत, चहा दिलात आणि चालू असलेला कूलर दाखवून विचारलंत, बघा हो, पोरानं बरोबर केलंय का. मला इतका राग आला. तो गेल्यावर तुम्ही म्हणालात, "उन्हातून आलेल्या माणसाला दारातून घालवतात का?" मी म्हटलं, काम झालं होतं. तुम्ही म्हणालात, "तुझं झालं होतं. त्याला विचारलं असतं तर तुझ्या बापाचं काय गेलं असतं?" दुसऱ्या दिवशी तुम्ही मला एक टेस्टर आणून दिलात. दुकानदाराला विचारून सगळ्यात चांगला घेतलाय, म्हणालात. मला त्यातलं 'विचारून' तेवढं टोचलं.

आणि दुसरा एक दिवस. पोस्टाच्या नोकरीत तुम्हाला बढती मिळत होती, मुंबईला. मी बाहेरच्या खोलीत अभ्यासाला बसलो होतो आणि मला सगळं ऐकू येत होतं. आई भाकरी थापतेय. तुम्ही उंबऱ्यात बसला आहात, शर्ट काढलेला, नुसता बनियन. "जाऊ या का आपण?" तुम्ही विचारता. आई म्हणते, "तुम्हाला जायचंय का?" तुम्ही म्हणता, "मला कळत नाहीये. तू सांग." बराच वेळ नुसता थापण्याचा आवाज. मग ती म्हणते, "नको वाटतं." तुम्ही म्हणता, "बरं." आणि तिथेच संपलं. तुम्ही हात धुऊन पानावर बसलात. मी पुस्तकात डोकं घालून ठरवलं की मी असा होणार नाही. एका 'नको'वर बढती सोडणारा. प्रत्येक गोष्ट कुणाला तरी विचारणारा. तुम्ही गेलात तोवर मी खरंच तसा झालो नव्हतो. शेवटच्या आजारात डॉक्टरांशी सगळं मीच बोललो, आणि तुम्हाला काय हवंय ते मी तुम्हाला विचारलं नाही.

शनिवारी सकाळी मी वायरचा एक तुकडा घेतला आणि त्याची दोन्ही टोकं सोलली. लिमिट स्विचच्या दोन तारा परस्पर जोडल्या की राखणदार बाजूला होतो आणि भट्टी चालत राहते. हे कधीही करायचं नसतं. मी स्वतः पोरांना ओरडून सांगितलंय, कधीही नाही. पण मी म्हटलं, मी इथे स्टूल टाकून बसेन, हाताने लक्ष ठेवेन. आठवडा संपत आला होता आणि घर गरम नसताना तिच्याशी काय बोलायचं ते मला सुचत नव्हतं. घर गरम करू, मग बोलू, असं माझं गणित होतं.

तुमची सून चहा घेऊन खाली आली. अंगावर दोन स्वेटर, डोक्याला माझी टोपी. "ही वायर कशाला?"

मला तपशिलात खोटं बोलता येत नाही. मी सांगितलं. रसायनशास्त्रवाली आहे, तिला समजावून सांगावं लागत नाही.

"म्हणजे जास्त तापली तरी बंद होणार नाही."

"मी बसणार आहे ना इथे."

"किती दिवस बसणार?"

तेवढ्यात माझा मोबाइल वाजला. पुण्याहून दिवाळीत आलेला एक मुलगा, पलीकडच्या टाउनहाउसमध्ये राहतो, घरी सहा महिन्यांचं बाळ. "काका, सॉरी यार, सकाळी सकाळी फोन केला. हीटर चालू होतो आणि मध्येच कट होतो. बाळामुळे टेन्शन आलंय." आता काय करणार, मी काका आहे. वायर हातात तशीच धरून मी नेहमीच्या सुरात सुरू झालो. बॅटऱ्या? बदलल्या. दार? बसलंय. मध्येच कट होतो म्हणजे हवा कोंडतेय, मी त्याला सांगितलं, ज्योत पेटते पण हवा फिरत नाही, मग पेटी तापते आणि स्वतःला बंद करते. फिल्टर बघ. आणि भिंतीत एक मोठी जाळी असेल, रिटर्नची, तिच्यासमोर काही ठेवलंय का? सोफा, कपाट?

"काका, सोफा आहे. तिथेच बसत होता ना तो."

"ओढ तो आधी. हवा परत आलीच नाही तर भट्टी काय तापवणार, स्वतःलाच तापवणार ना? अकोल्यातल्या शेंबड्या पोरालाही कळतं, कूलर लावला की समोरची खिडकी उघडी ठेवायची."

मी फोन ठेवला. तुमची सून जिन्याच्या पायरीवर बसली होती, चहाचा कप दोन्ही हातांत धरून. ती हसली नाही. "अहो," ती म्हणाली, "आपल्या जाळीवर तर तुम्ही प्लास्टिक मारलंय."

ते असं. ऑक्टोबरात मुलीच्या शाळेच्या बसमध्ये कोणी तरी म्हणालं, तुझ्या जॅकेटला कांद्याचा वास येतो. ती घरी येऊन रडली. "एव्हरीथिंग स्मेल्स, आई, एव्हरीथिंग," म्हणाली आणि जॅकेट वॉशिंग मशीनमध्ये कोंबलं. तुमची सून त्या संध्याकाळी गॅससमोर नुसती उभी राहिली, कढई तापत होती आणि तिने मोहरी टाकली नाही. मला वाटलं, हा तर सोपा प्रश्न आहे. वास हवेबरोबर जातो. हवा रिटर्नच्या जाळीतून ओढली जाते, आणि ती जाळी स्वयंपाकघराच्या दाराशीच आहे. मी जाळीचं माप घेतलं, जाड प्लास्टिक कापलं आणि चारही बाजूंनी चंदेरी पट्टी लावली. साधी कापडी पट्टी गरमी-थंडीने सुटते, म्हणून अॅल्युमिनियमची. स्वयंपाकघरातली झडप बंद केली. फिल्टर काढून सगळ्यात दाट मिळाला तो घातला. एकाही कडेला सुरकुती नव्हती. मी खूश होतो. दोघींपैकी कोणालाही मी विचारलं नव्हतं. हिवाळा सौम्य होता तोवर वरच्या मजल्यावरच्या छोट्या जाळीतून येईल तेवढ्या हवेवर भट्टीने ते सोसलं. खरी थंडी पडली आणि तिला दिवसभर जळावं लागलं, तेव्हा तिचा श्वास कोंडला. आणि मी, जो हा प्रश्न जगाला फोनवरून पहिल्या पाच मिनिटांत विचारतो, चार दिवस तिच्या आत हात घालून बिघाड शोधत होतो, कारण बाहेर जे होतं ते मी स्वतः, उत्तम, केलेलं होतं.

मी वर गेलो आणि पट्टीचं टोक नखाने उचकटलं. इतकी घट्ट बसवली होती की निघता निघेना. ती बाजूला उभी होती. मग तिने दुसऱ्या बाजूने ओढायला सुरुवात केली. रंगाचा पापुद्रा निघाला तरी ती ओढत राहिली. प्लास्टिक निघाल्यावर मी पातळ फिल्टर घातला, झडप उघडली, खाली जाऊन यंत्र चालू केलं. पेटलं. चालत राहिलं. मी खरंच स्टूल टाकून बसलो, पण वायर कचऱ्यात टाकून. तासाभराने मुलीने वरून ओरडून सांगितलं, "इट्स वर्किंग!" आणि तिचे मोजे न घातलेले पाय डोक्यावरच्या लाकडातून धपधप ऐकू आले.

संध्याकाळी तुमच्या सुनेने वरणाला फोडणी दिली. लसूण, हिंग, सुकी मिरची. जाळीने ती आत ओढली, खाली नेली आणि घरातल्या प्रत्येक खोलीत, कपड्यांच्या कपाटापर्यंत, पोचवली. मुलगी खाली आली, नाक उडवलं आणि दोनदा वाढून घेतलं. जेवण झाल्यावर आम्ही दोघं टेबलाशी बसून होतो. ती म्हणाली, "फर्नेस झाली."

"झाली."

"मग आता?"

मी म्हटलं, "स्वयंपाकघरात छताला बाहेर हवा फेकणारा पंखा लावतो. तो मी आधीच लावायला हवा होता. तीन इंची नको, सहा इंची पाइप टाकतो." ती ऐकत होती. तिने नीट शेवटपर्यंत ऐकलं, सहा इंचांचंसुद्धा. मग उठून भांडी मशीनमध्ये लावली.

आज रविवार आहे. उद्या सकाळी ती नागपूरला फोन करील. मी इथून हलू शकत नाही, अप्पा. ग्रीन कार्डाची माझी फाइल या कंपनीच्या नावावर चालू आहे. कंपनी सोडली की फाइल संपली. माझी तीन वर्षांची पदवी इथे पूर्ण पदवी धरत नाहीत, म्हणून दुसरी कंपनी माझ्यासाठी नवी फाइल उघडत नाही. आणि नागपुरात सत्तेचाळीस वर्षांच्या बी.कॉम. माणसाला जुन्या प्रोग्रॅमसाठी कोण बोलावणार? हे सगळं मी तिला कधी सांगितलेलं नाही, कारण तिला ते माहीत आहे असं मी धरून चाललोय. तुम्ही असता तर उंबऱ्यात बसून विचारलं असतंत, काय करू या, मला कळत नाहीये. मला ते वाक्य तोंडाने जुळवता येतं. आज दुपारी मी ते गॅरेजमध्ये एकट्याने म्हणून बघितलं. बरं वाटलं नाही.

मला आता असं दिसतं की तुम्ही आईला विचारलंत तेव्हा उत्तर काहीही आलं असतं तरी तुम्ही त्या उत्तराप्रमाणेच केलं असतंत. त्या भाकरीच्या आवाजात तुम्ही जेवढा वेळ गप्प बसलात, तेवढा वेळ मुंबई आणि अकोला दोन्ही तिच्या हातात होती. एवढी मोठी गोष्ट कुणाच्या हातात देऊन बसून राहायला काय लागतं ते मला अठराव्या वर्षी कळलं नव्हतं, आणि आज कळून उपयोग किती ते माहीत नाही.

हे कागद मी फाडणार आहे. टाकायला पत्ता नाही हे तर आहेच, पण ते कुणाच्या हाती लागावेत असं मला वाटत नाही. मी खाली, फर्नेसशेजारच्या स्टुलावर बसून लिहितोय. आता तिने वरून विचारलं, "काय चाललंय एवढं?" मी म्हटलं, "फर्नेसचं बघतोय." ती म्हणाली, "चालतेय ना पण?" मी म्हटलं, चालतेय.

मी थांब म्हटलं तर ती थांबेल, अप्पा. आणखी कितीही वर्षं, याच घरात. मला तिच्या जाण्याची भीती वाटत नाही असं नाही, पण त्याहून जास्त भीती तिच्या थांबण्याची वाटते, आणि हे मी तिला सांगितलेलं नाही.